माझी उसण आणि विशालचा झेंडा

माझी कंबर मोबाइलचा चार्जर उचलताना गेली.

गावात मी सांगितलं, की सोयाबीनचं पोतं उचलताना गेली. सरपंच माणसाला चार्जरनं पाडलं हे कुणाला कळलं, तर पुढच्या निवडणुकीला लोक चार्जरला उभं करतील आणि निवडूनही आणतील. (खरं तर सरपंच मी नाही, माझी बायको आहे. जागा महिलेसाठी सुटली म्हणून मी तिला उभं केलं. निवडून ती आली, सह्या ती करते, नळाला पाणी नाही म्हणून शिव्या ती खाते, आणि ‘सरपंच’ लोक मला म्हणतात. आमच्याकडं हे असंच असतं आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बायकोला वाटतं, पण तिला विचारतो कोण?)

तर चार्जर कॉटखाली पडला होता. मी वाकलो, कंबरेत काहीतरी कट्ट झालं आणि मी तसाच राहिलो. डोकं खाली, बूड वर. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"काय शोधायलात?"

"काही न्हाई."

"मग असं कावून उभं राह्यलात?"

"सरळ होता येईना."

तिनं माझ्याभोवती एक चक्कर मारली, कप माझ्या डोळ्यांसमोर म्हणजे फरशीवर ठेवला आणि म्हणाली, "उसण भरली. आता घाला झेंडा."

या एका वाक्यानं मी कंबर विसरलो.

झेंडा म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडं लग्न लागलं, की नवरदेवाच्या मामानं नवरदेवाला आणि नवरीच्या मामानं नवरीला खांद्यावर घ्यायचं, हलगीच्या तालावर समोरासमोर नाचवायचं आणि वर बसलेल्या दोघांनी एकमेकांवर गुलाल उधळायचा. याला झेंडा म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, एकुलत्या एका पोराचं, विशालचं, लग्न पंधरवड्यावर आलं होतं. त्याला नाचवायचा मान माझा. विशाल दोन वर्षांचा असताना मी त्याला एका हातावर उभा करायचो आणि अक्काला सांगायचो, "याच्या लग्नात असाच नाचवणार." तेव्हा तो मुठीत मावत होता. पुढं त्यानं पोलीस भरतीची तयारी सुरू केली आणि त्यासाठी दूध-अंडी लावली. भरती हुकली, दूध-अंडी राहिली. आता तो आमच्या दारातून आत येतो तेव्हा खोलीत थोडा अंधार पडतो.

अक्काला भाऊ मी एकटाच. पण चुलत भाऊ आहे, बप्पा. गेल्या निवडणुकीत त्याची बायको माझ्या बायकोसमोर पडली. तेव्हापासून बप्पा मला कुठंही भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि एवढ्या अदबीनं वागणारा माणूस मनात काय धरून बसलाय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. तो पाटोद्याला व्यायामशाळेत जातो, दंड दिसतील असे शर्ट घालतो. माझी कंबर गेल्याची बातमी त्याला माझ्याआधी कळली असावी, कारण अर्ध्या तासात त्याचा अक्काला फोन गेला होता.

अक्काचा मला आला. "नाना, खरं सांग. तुला होतंय का न्हाई? बप्पा म्हणतोय, मी हाय की."

"बप्पाला म्हणावं, तू पंगतीत वाढ. झेंडा मीच नाचवणार."

"बघ बाबा. सासरच्या लोकांसमोर माझी इज्जत तुझ्या कंबरेवर हाय."

यानंतर घरात इलाज सुरू झाले. विटकर तापवून शेक झाला, निरगुडीचा पाला बांधून झाला, तिळाचं तेल चोळून झालं. मी पालथा पडलेला, आणि येणारा प्रत्येक माणूस कंबरेत बोट खुपसून विचारायचा, "हितं दुखतंय का?" नसलं तरी त्या बोटानं दुखायचं. मग आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं निकाल दिला, "ह्याला पायाळू लागतोय."

जो जन्मताना पायाकडून आला तो पायाळू. त्यानं उसण भरलेल्या जागी लाथ मारली की उसण उतरते, अशी आमच्याकडं पूर्वापार खात्री आहे. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण कंबर शिकलेली नव्हती. मी विचारलं, "गावात पायाळू कोण हाय?"

बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

गावात पायाळू एकच होता. बप्पा.

निरोप जायच्या आधी तो दारात हजर. पाय धुऊन आला होता. त्यानं आधी वाकून मला नमस्कार केला. "नाना, तुमाला पाय लावायचा म्हणजे मला लई वाईट वाटायलंय."

"लाव बाबा, हळू लाव."

"हळूनं उसण उतरत न्हाई, नाना."

अंगणात तोवर अर्धं गाव जमलं होतं. दोघांनी मला दोन्ही दंडांना धरून उंबऱ्यावर उभं केलं. बप्पा माझ्या मागं घरात सरकत सरकत पार मागच्या भिंतीपर्यंत गेला (पायाळूला पळत यायची गरज असते असं मी आजवर ऐकलं नव्हतं) आणि तिथून त्यानं जी लाथ घातली, ती थेट निवडणुकीच्या निकालापासून निघालेली होती. मी उंबरा ओलांडून, ओट्यावरून, खाली गोणपाटावर वाळत घातलेल्या मिरच्यांत गेलो.

"उतरली का?" बप्पानं लांबून विचारलं.

उसण उजवीकडं होती, ती आता दोन्हीकडं झाली होती. पण समोर गाव उभं होतं. मी म्हणालो, "जरा फरक वाटतोय."

"मग अजून एक देतो."

संध्याकाळपर्यंत ते सगळं गावाच्या ग्रुपवर होतं. कुणीतरी खाली लिहिलं होतं, ‘सरपंचांवर यशस्वी उपचार’. त्यावर शंभर लोकांनी हात जोडले होते. बप्पाच्या बायकोनं अंगठा दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला गाडीत आडवं घातलं आणि बीडला स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पोरगी वयानं विशालएवढी, पण आवाज तहसीलदाराचा. तिनं मला पालथं घातलं, दाबून बघितलं, पाठीवर उमटलेला पायाचा ठसा बघितला. मग म्हणाली, "हाड वगैरे काही नाही. स्नायू आखडलेत. बसून बसून कमजोर झालेत. दिवसभरात चालता किती?"

"चालतो की. गाडीपर्यंत."

"आणि गाडी कुठे असते?"

"ओट्याला लावतेत," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की माझा विश्वास बसेना. गरम पाण्याची पिशवी. उताणं पडून गुडघे छातीशी घ्यायचे. मग हातगुडघ्यांवर येऊन पाठ मांजरासारखी वर करायची, खाली करायची. आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चालायचं, रोज जरासं वाढवत. एकदम काही करायचं नाही, आणि सध्या जड काही उचलायचं नाही.

"लग्नात भाच्याला उचलायचंय," मी म्हणालो.

"लहान आहे का?"

"लेकरूच हाय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं, पण सरपंच असल्यामुळं ती चारचौघांत संयम ठेवते.

घरचे व्यायाम दार लावून सुरू झाले. बाहेर दाखल्यासाठी आलेले लोक बसलेले, आत मी मांजर झालेलो, आणि बायको बाहेर सांगायची, "मीटिंगमधी हायेत." चार-पाच दिवसांत फरक पडला, खोटं कशाला बोलू? वाकता येऊ लागलं. बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या तेव्हा मला निवडून आल्यासारखं वाटलं. अडचण आली ती चालण्याची.

आमच्या गावात तीन प्रकारची माणसं चालतात. ज्यांच्याकडं गाडी नाही ती, ज्यांची गाडी बंद पडलीय ती, आणि मतं मागायला निघालेली. उगाच चालणारा माणूस अजून कुणी बघितलेला नव्हता. मी पाटोद्याहून आणलेले पांढरे बूट घालून सकाळी फाट्याच्या रस्त्याला लागलो, तर शंभर पावलांत डेअरीला निघालेला आमचा भाऊबंद मोटारसायकल घेऊन आडवा आला.

"सरपंच, बसा."

"न्हाई, चालायलोय."

"कुठं?"

"कुठंच न्हाई."

"मग बसा, सोडतो."

"कुठं सोडतो बे? मला कुठं जायचंच न्हाई."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या गाडीवर बसलं की तुमाला कमीपणा येतो. मतं मागताना बसला होतात."

बसलो. काय करणार? त्यानं मला डेअरीवर नेलं, दुधाचा चहा पाजला आणि घरी आणून सोडलं. बायकोनं विचारलं, "किती चाललात?"

"गाडीपर्यंत," मी म्हणालो.

संध्याकाळी ट्रॅक्टर थांबला. दुसऱ्या दिवशी जीप. ज्याला नाही म्हणावं तो नाराज, आणि प्रत्येकाच्या घरात चार-चार मतं. व्यायामासाठी निघालो की मी चहा पिऊन, बसून, पाहुणचार घेऊन परत यायचो, आणि वजन वाढायला लागलं. वर गावभर बोभाटा. कुणी म्हणे गाडी विकली, कुणी म्हणे बायकोनं किल्ली काढून घेतली. एका म्हाताऱ्यानं तर माझा हात धरून डोळे पुसले, "तुझ्या बापानं कधी पायी दिवस काढला न्हाई रं."

शेवटी वैतागून मी त्याला तोंडाला येईल ते सांगितलं. "नवस हाय बाबा. देवाला, नारायणगडाला पायी जायचंय. सवय करायलोय."

आणि काय जादू झाली म्हणता! त्या दिवसापासून एकही गाडी थांबेना. उलट लोक लांबूनच हॉर्न बंद करायचे, बाया डोक्यावर पदर घ्यायच्या. कंबरेसाठी चालणारा माणूस येडा, नवसासाठी चालणारा पुण्यवान. मी मजेत चालत होतो, कंबर सुटत होती, आणि आपण किती हुशार, असा विचार करत होतो. हा विचार मला आला की पुढं काहीतरी होतंच.

लग्नाला तीन दिवस राहिले होते. सकाळी ग्रुपवर बप्पाचा निरोप आला, ‘आपल्या सरपंचांची नारायणगड पायी दिंडी उद्या पहाटे. सर्वांनी सहभागी व्हावे.’ सोबत फलक. फलकावर माझा फोटो बोराएवढा आणि बप्पाचा टरबुजाएवढा.

"आता सांगा सगळ्यांना, खोटं बोललो म्हणून," बायको म्हणाली.

"गडाच्या नावानं खोटं बोललो म्हणून सांगू? मेलो तरी न्हाई."

"डॉक्टरीणबाई काय म्हणल्या? थोडं थोडं म्हणल्या ना?"

"एवढं काही लांब न्हाई गड."

गाडीत बसून गेलं की खरंच लांब नाही. मी आजवर गाडीत बसूनच गेलो होतो.

पहाटे वेशीत टाळ, मृदंग, पन्नासेक माणसं. मी बूट घालून निघालो, तर बप्पा नमस्काराला वाकला आणि तसाच वाकून म्हणाला, "नाना, नवसाला बूट?" सगळ्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. बूट काढले. पुढचं सगळं मला नीट आठवत नाही. ऊन आठवतं, खडी आठवते, आणि मागून दर थोड्या वेळानं बप्पाचा प्रेमळ आवाज, "नाना, थांबायचं का?" तो विचारायचा म्हणून मी थांबत नव्हतो. दुपार कलल्यावर गडावर पोचलो. तिथं मात्र मी मनापासून डोकं टेकलं आणि म्हणालो, खोटं बोललो, चूक झाली, पण माझ्या भाच्याला एकदा खांद्यावर घेऊ दे, अक्काची मान खाली जाऊ देऊ नको.

डोकं टेकलं ते टेकलं. उठताना चौघं लागले.

हळदीच्या दिवशी कंबर ठणठणीत होती. पण कंबरेखाली काहीच माझं नव्हतं. मांड्या लाकडाच्या, पोटऱ्या दगडाच्या. पायऱ्या मी उलटा उतरत होतो. बायको रात्री मीठ घातलेल्या गरम पाण्यात माझे पाय बुडवून म्हणाली, "अजून वेळ हाय. अक्काला खरं सांगा." मी नाही सांगितलं.

पाटोद्याच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. अक्षता पडल्या, हलगी कडाडली. नवरीचा मामा अंगानं अगदी काडी, पण त्यानं भाचीला अलगद उचललं आणि नाचायलाही लागला. आमच्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला, "सरपंच, होऊन जाऊ द्या!" मी फेटा सावरला आणि खाली बसलो. विशाल माझ्या खांद्यावर बसला. मी पायांना हुकूम केला, उठा.

पाय उठले नाहीत. मी पुन्हा सांगितलं. दोन्ही पोटऱ्यांत एकदम असे पेटके आले की माझ्या तोंडातून जो आवाज निघाला, त्याला हलगीवाल्यांनी इशारा समजून ताल वाढवला. मी गालिच्यावर फतकल मारून बसलेलो, मानेभोवती नवरदेवाचे पाय, आणि समोर नवरी उंचावर एकटीच नाचतेय. मग हलगीही थांबली.

बप्पा बाह्या वर सारत पुढं आला. "सरा नाना. मी हाय की."

मी अक्काकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत उभी होती. तिच्या सासूनं नणंदेच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं, आणि घेतलं असतं तरी मला उठून जाता आलं नसतं.

विशाल माझ्या मानेवरून उतरला. मला वाटलं, चालला बप्पाकडं. तो म्हणाला, "बप्पामामा, थांबा तुमी. माझा झेंडा माझ्या मामाचाच." आणि माझ्यापुढं पाठ करून बसला. "मामा, बसा."

"येडा हाय का रे तू?"

"बसा म्हणतो ना. हलगी थांबलीय."

दोघा-तिघांनी मला उचलून त्याच्या खांद्यावर ठेवलं आणि तो उभा राहिला. मांडवात जो गलका उठला, तसा माझ्या कुठल्याही सभेत उठलेला नाही. समोर नवरी, मुठीत गुलाल, आणि नवऱ्याच्या जागी फेटा बांधलेला मामेसासरा! पोरगी संस्काराची. तिनं मामाच्या खांद्यावरून आधी डोक्यावर पदर घेतला, मला वाकून नमस्कार केला आणि मगच तोंडावर गुलाल मारला. त्यांच्याकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं, नवरदेव लई थोराड हाय की." मला रडू आलं. लोकांना वाटलं, डोळ्यात गुलाल गेला. अक्का हसत होती, डोळे पुसत होती, आणि बप्पा बाह्या खाली करत होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान होता.

तिसऱ्या फेरीला विशाल थांबला. दातावर दात ठेवून म्हणाला, "मामा, हळूच उतरा."

दुसऱ्या दिवशी अक्काच्या घरी सत्यनारायण होता. पूजेला नवरी एकटी बसली, शेजारी पाटावर नवऱ्याच्या नावानं सुपारी ठेवली. नवरा गाडीत मागच्या सीटवर आडवा, पुढं मी पाय लांब करून, मध्ये अक्का, गाडी चालवायला माझी बायको. अशी आमची वरात बीडला पोचली.

डॉक्टरीणबाईंनी विशालला पालथं घातलं, दाबून बघितलं. "जड काय उचललं होतं?"

विशालनं पडल्या पडल्या माझ्याकडं बोट केलं.

त्यांनी मला खालून वर आणि वरून खाली बघितलं. मग विशालला गरम पाण्याची पिशवी सांगितली, गुडघे छातीशी घ्यायला सांगितले आणि म्हणाल्या, "बाकी काही नाही. थोडे दिवस या मामांपासून लांब राहा."

विशाल त्यांचं ऐकत नाही, तो आठवड्यातून दोनदा येऊन जातो. अक्का मात्र डॉक्टरांचा शब्द मोडत नाही. तिनं हे लांब राहायचं पथ्य आजपर्यंत काटेकोर पाळलंय.